नवे लॅपटॉप: वरच्या ओळीतली बटणं काढून काय मिळवलं?

अक्षरओळ

गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला. आधीचा ८ वर्षं वापरला होता. माझं काम मजकूर तपासण्याचं, त्यामुळे दिवसाचे ७-८ तास हात कीबोर्डवरच असतात. नवा लॅपटॉप देखणा आहे. पडदा सुरेख, पंख्याचा आवाज नाही, मांडीवर घेतला तरी तापत नाही. तक्रार एकच आहे, पण ती दर तासाला डोकं वर काढते. कीबोर्डच्या सर्वांत वरच्या ओळीत बटणंच नाहीत. एस्केपपासून डिलीटपर्यंत काचेची सपाट पट्टी आहे आणि तिच्यावर चिन्हं उजळतात.

जुन्या कीबोर्डवर एफ-४ आणि एफ-५ यांच्यामध्ये बारीकशी फट होती. तशीच एफ-८ नंतर. इतकी वर्षं ती फट माझ्या लक्षातही आली नव्हती, पण बोटांना ती पक्की ठाऊक होती. आता प्रत्येक वेळी नजर पडद्यावरून उचलून खाली न्यावी लागते. ऊन आलं की चिन्हं दिसेनाशी होतात. बोट नुसतं टेकलं तरी आदेश जातो. परवा एक आकडा टाइप करताना बोट वर लागलं आणि अर्धा तास बसून भरलेला फॉर्म रिफ्रेश होऊन कोरा झाला.

मला जास्त खटकतं ते हे, की हा प्रयोग आधीच होऊन गेला आहे. ऑक्टोबर २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये ॲपलने वरची ओळ काढून टचबार ही उजळणारी स्पर्शपट्टी दिली, त्यात एस्केपही गेलं. लोकांनी ओरड केली. २०१९ च्या १६ इंची मॉडेलमध्ये एस्केपचं खरं बटण परत आलं आणि २०२१ मध्ये १४ व १६ इंचीमध्ये पूर्ण ओळच परतली. लेनोवोने २०१४ च्या एक्सवन कार्बनमध्ये वरच्या ओळीत तशीच उजळणारी पट्टी बसवली होती, पुढच्याच वर्षी काढली. त्याआधी थिंकपॅड टी४४० मध्ये ट्रॅकपॉइंटची (कीबोर्डच्या मधल्या, माउसचं काम करणाऱ्या लाल टोकाची) वेगळी बटणं काढून पाहिली, ती टी४५० मध्ये परत द्यावी लागली. एवढं सगळं समोर असताना २०२२ मध्ये डेलच्या एक्सपीएस १३ प्लसवर पुन्हा काचेची ओळ आली.

ज्यांना बटणांवाचून काहीही अडत नाही त्यांचंही ऐकायचं आहे. पण "सवय होईल" याखेरीज काही सांगा.

वाटाड्या

तुमचा फॉर्म गेला याचं वाईट वाटलं. पण मुद्दा मान्य नाही.

दर नव्या रचनेच्या वेळी हाच सूर लागतो. २००८ मध्ये पहिला मॅकबुक एअर आला तेव्हा डीव्हीडी ड्राइव्ह नाही, नेटवर्क केबलची जागा नाही, यूएसबी एकच, म्हणून लोक तुटून पडले होते. आज डीव्हीडी ड्राइव्हची आठवण कोणाला येते? पाठोपाठ सगळ्यांनीच तो काढला आणि जी जागा मोकळी झाली तिथे बॅटरी आली.

माझं काम फिरतीचं आहे. जुना लॅपटॉप २.४ किलोचा, वर पाऊण किलोचा चार्जर. सध्याचा १.२ किलो. फोन, हेडफोन, लॅपटॉप, तिन्हींना एकच टाइप-सी चार्जर चालतो. खांदा दुखायचा थांबला हे मी रोज अनुभवतो. जाड पोर्ट, पडद्याशेजारच्या रुंद कडा, काढता येणारी बॅटरी हे सगळं ठेवून हे वजन मिळालं नसतं. युरोपीय संघाने तर २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपलाही टाइप-सीने चार्जिंग बंधनकारक केलं आहे. म्हणजे ही दिशा चुकीची नाही.

आणि हो, सवय खरंच होते. मला तीन आठवडे लागले.

अक्षरओळ

डीव्हीडीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती गेली तेव्हा तेच काम करणारी जास्त सोयीची गोष्ट हातात होती, पेनड्राइव्ह आणि इंटरनेट. एस्केपच्या जागी त्याहून चांगलं काय आलं? तिथेच एस्केपचं चित्र आलं. वजन कमी झालं ते मलाही हवंच आहे. बटणांची एक ओळ काढून किती ग्रॅम वाचले एवढंच विचारते.

स्पर्शरेषा

मी डोळ्यांनी पाहू शकत नाही. लॅपटॉप स्क्रीनरीडरवर चालवतो, म्हणजे पडद्यावरचं सगळं आवाजात ऐकतो. "सवय होते" हे वाक्य माझ्या बाबतीत तपासून पाहा.

दिसणारा माणूस काचेकडे बघेल आणि दाबेल. मला आधी बोट ठेवून जागा शोधावी लागते, मग दाबायचं की नाही ते ठरवायचं. खऱ्या बटणावर ही दोन वेगळी कामं आहेत. काचेवर बोट ठेवणं म्हणजेच दाबणं. मी शोधत असतो आणि लॅपटॉप ते ऐकून मोकळा होतो. नेहमीच्या कीबोर्डवर मी काही बटणांवर छोटे उंचवट्याचे ठिपके चिकटवून घेतो. पट्टीवर तेही जमत नाही, ठिपका शोधायला बोट टेकलं की आदेश गेलाच. टचबारवर व्हॉइसओव्हर, म्हणजे ॲपलचा स्क्रीनरीडर, चालू केलं की आधी बोटाखालचं नाव ऐकू येतं आणि दोनदा टॅप केल्यावरच ते चालतं, हे खरं आहे. पण एका झटक्यात होणाऱ्या कामाला तीन पायऱ्या लागतात.

या धाग्यात न आलेली एक गोष्ट सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलट या आपल्या एआय सहाय्यकाचं नवं बटण जाहीर केलं. विंडोजचं बटण १९९४ मधलं, त्यानंतर कीबोर्डमध्ये झालेला हा पहिला मोठा बदल. पण ते बसवायला जागा कुठून आणली? बऱ्याच लॅपटॉपवर उजवं कंट्रोल किंवा मेनूचं बटण काढून. आमच्यासाठी कंट्रोल म्हणजे "थांब, बोलू नकोस". स्क्रीनरीडर वाचत सुटला की तेच दाबून गप्प करायचं. मेनूचं बटण म्हणजे माउसचं राइट क्लिक, आणि आम्ही माउस वापरतच नाही. पर्याय म्हणून शिफ्ट आणि एफ-१० आहे. पण आता बहुतेक लॅपटॉपवर एफ-१० च्या जागी आवाज नाहीतर उजेड असतो, म्हणून एफएनचं बटणही धरावं लागतं. एका बटणाचं काम तीन बटणांवर गेलं.

सेटिंगमधून बदलून घ्या असा सल्ला मिळतो. तेही करून पाहिलं. ते बटण कंट्रोलसारखा साधा संकेत पाठवत नाही, विंडोज, शिफ्ट आणि एफ-२३ असा जोड पाठवतं. त्यामुळे ते धरून ठेवून दुसरं बटण दाबायचं म्हटलं की गडबड होते.

सावकाश

स्पर्शरेषा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कोपायलटच्या बटणाबद्दल पूर्ण सहमत. पण "जुनं तेच बरं" या सुराला माझा विरोध आहे आणि कारण माझ्या हातात आहे.

मला बोटांच्या सांध्यांचा त्रास आहे. जुन्या लॅपटॉपची खोल दाबली जाणारी, कडक बटणं अनेकांना फार प्रिय, पण त्या बटणांवर मी तासभर टाइप केलं तर संध्याकाळी बरणीचं झाकण उघडत नाही. नव्या कीबोर्डवर बटण जेमतेम हलतं, बोटाला फार जोर लावावा लागत नाही. माझं काम त्यावर चालतं.

ट्रॅकपॅडचंही तसंच. पूर्वीचा ट्रॅकपॅड वरच्या बाजूला बिजागरीसारखा अडकवलेला असायचा. खाली दाबला तर क्लिक व्हायचं, वरच्या कडेला अंगठा रुतेपर्यंत दाबलं तरी व्हायचं नाही. २०१५ पासून मॅकबुकमध्ये न हलणारा ट्रॅकपॅड आला. काच जागची हलत नाही, खालून दिलेल्या कंपनामुळे क्लिक झाल्याचा भास होतो. कुठेही दाबा, तेवढाच हलका दाब पुरतो आणि तो किती हवा तेही ठरवता येतं. काच म्हटली की वाईट, असं सरसकट म्हणू नका. त्याच काचेने माझा अंगठा वाचवला.

अक्षरओळ

सावकाश, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. धाग्याचा मथळा मी "नवी रचना नको" असा ठेवणार होते, बरं झालं ठेवला नाही. तुमच्या ट्रॅकपॅडमध्ये बोटाला उत्तर मिळतं, माझ्या पट्टीत काहीच मिळत नाही. मला वाटतं माझी सगळी चिडचिड तिथे आहे.

पेचकस

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. तुम्ही वरच्या बाजूबद्दल बोलताय, मी खालचं झाकण उघडून बोलतो.

मागच्या आठवड्यात एक लॅपटॉप आला. तक्रार होती की ट्रॅकपॅड दाबला जात नाही. ट्रॅकपॅडमध्ये काहीच दोष नव्हता. खालची बॅटरी फुगून उशीसारखी झाली होती आणि तिने तो वर ढकलला होता. स्क्रू काढून बॅटरी बदलायची असती तर दहा मिनिटांचं काम. ही चिकटवलेली होती. गोंद मऊ करणारं द्रव थेंबथेंब सोडून, प्लॅस्टिकच्या पट्टीने, टोचली तर पेट घेईल या धास्तीत तिला सोडवायला दोन तास गेले. याच लॅपटॉपचा कीबोर्ड वरच्या पूर्ण पत्र्याला रिव्हेटने ठोकलेला आहे. एक बटण गेलं की अख्खा वरचा भाग बदला.

२०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर झाली आणि बॅटरी चिकटली. तेव्हापासून ही पद्धत फोफावली. २०१८ च्या थिंकपॅड टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या होत्या, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. लॅपटॉप चालू ठेवून बाहेरची बदलता यायची. पुढच्याच टी४९० मध्ये ती सोय गेली.

वाटाड्या, टाइप-सी मलाही आवडतो. पण चार्जिंगचं तेच एक छिद्र बऱ्याच मॉडेलमध्ये थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेलं असतं. पूर्वीचं गोल पिनेचं सॉकेट बहुधा वेगळ्या वायरवर असायचं, सैल झालं की तेवढंच बदलायचो. आता केबलला पाय अडकून झटका बसला तर थेट बोर्डावरच काम निघतं. ॲपलने २०१६ मध्ये काढलेला चुंबकाचा चार्जर २०२१ मध्ये परत आणला तो उगाच नाही.

तारायंत्र

रॅमबद्दल कंपन्यांच्या बाजूने बोलतो, कारण माझं काम सर्किट बोर्डांचंच आहे.

पातळ लॅपटॉपमध्ये कमी वीज खाणारी एलपीडीडीआर रॅम असते. ती कमी व्होल्टेजवर, फार वेगाने चालते. अशा वेळी प्रोसेसरपासून रॅमपर्यंतची तांब्याची वाट जितकी आखूड तितका संकेत स्वच्छ. जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीवर ही वाट लांबते, मध्ये जोड येतो आणि वेगाला मर्यादा पडते. झाकण मिटल्यावर रात्रभरात बॅटरी जवळपास उतरत नाही, त्यात या रॅमचा वाटा आहे. म्हणून "ग्राहकाला अडकवायला सोल्डर केली" हे अर्धसत्य आहे.

अर्धं म्हणतो, कारण वाट आता निघाली आहे. एलपीकॅम२ नावाचा सपाट मॉड्यूल स्क्रूने प्रोसेसरशेजारी बसतो, हीच रॅम वापरतो आणि बदलता येतो. २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये तो आला. आणि एसएसडीला, म्हणजे फाइली साठवणाऱ्या भागाला, तर हे कारण मुळीच लागू नाही. जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीची काढता येणारी एसएसडी मिळते. ती सोल्डर करणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही. बोर्ड जळला की माणसाचे फोटो, कागदपत्रं, सगळं त्याच्याबरोबर जातं.

काठावर

सगळेच बदल मागे खेचणारे नाहीत. मधली काही वर्षं बहुतेक लॅपटॉपचा पडदा १६:९ झाला होता, सिनेमासाठी रुंद आणि वाचायला बुटका. आता १६:१० आणि ३:२ पुन्हा मिळतात. लांब मजकूर वाचणाऱ्याला रोज चार-पाच ओळी जास्त दिसतात. मी याच्यावर खूश आहे.

वाटाड्या

पेचकस, बॅटरीचं पटलं. युरोपीय संघाच्या नियमात फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत असं आलं आहे. म्हणजे पातळपणा सांभाळून ते करता येणार, नाहीतर असा नियम आलाच नसता. फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ पासून बाहेरचे पोर्टसुद्धा काढता-घालता येणारा लॅपटॉप करून दाखवला आहे.

पण एक प्रश्न उरतो. असे लॅपटॉप मिळतात तरी बहुतेक लोक पातळच घेतात. खोक्यातून काढल्यावर कोणता हातात घ्यावासा वाटतो ते कंपन्या बघतात. दोष फक्त त्यांनाच कसा द्यायचा?

अक्षरओळ

कारण घेताना तो दहा मिनिटं हातात असतो आणि वापरायचा ८ वर्षं असतो. मी फोटो पाहून, वजन आणि प्रोसेसर वाचून घेतला. वरच्या ओळीत काच आहे हे वर्णनात होतं, तेही कौतुकाने. ऊन आल्यावर काय होईल हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

स्पर्शरेषा, तुम्ही नवा लॅपटॉप निवडताना काय तपासता?

स्पर्शरेषा

आधी 'एफ' आणि 'जे' या बटणांवरचे उंचवटे. काहींवर ते इतके पुसट असतात की बोट घसरून जातं. मग बाणाची बटणं. वर-खालची अर्ध्या उंचीची आणि डावी-उजवी पूर्ण उंचीची असतील तर चुकतं, कारण वरच्या रिकाम्या जागेवरूनच बोट बाण ओळखतं. मग पॉवरचं बटण कुठे आहे ते. डिलीटच्या शेजारी, त्याच आकाराचं असेल तर मी तो लॅपटॉप घेत नाही. शेवटी ट्रॅकपॅडची कड लागते का ते पाहतो. काहींमध्ये ती मनगटाखालच्या काचेत पूर्ण विरून गेलेली असते. या सगळ्याला पाच मिनिटं पुरतात. तुम्ही डोळे मिटून केलंत तरी चालेल.

वाटाड्या

आत्ताच केलं. माझ्या लॅपटॉपवर वरच्या ओळीत बटणं आहेत, पण सगळी एकसंध, मध्ये फट नाही. डोळे मिटून एफ-५ शोधलं तर दोनदा एफ-६ वर गेलो. पॉवरचं बटण डिलीटला चिकटून आहे, हे दीड वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वेळी हे पाहून घेईन. वजनाबाबत मात्र माझं मत तेच आहे, २.४ किलो मी परत उचलणार नाही.