अनुभव धागा: मुलांना ग्राउंडवर पाठवून घेतलेले तास

आमच्या इंदुरात शासकीय शाळेत 'किशोरावस्था' म्हटलं की व्यवस्था ठरलेली: मुलींना हॉलमध्ये बसवा, मुलांना बॅट-बॉल देऊन ग्राउंडवर सोडा. मी आरोग्य-शिक्षिका म्हणून शहरातल्या आणि महू-सांवेरकडच्या हायस्कुलांत जाते. पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधन, एचआयव्ही, नाही कसं म्हणायचं, तक्रार कुठे करायची, असं सगळं घेते. मुलं हिंदी-माळवी बोलणारी, पण स्टाफरूममध्ये एखादा मराठी चेहरा निघतोच. 'तुम्ही रामबागेतल्या का?' इथून बोलणं सुरू होतं आणि 'ताई, जरा सांभाळून हं' इथे संपतं.

ज्यांनी हे शिकवलंय, शिकलंय, आपल्या मुलांना पाठवलंय किंवा पाठवलं नाही, त्यांनी लिहावं. शाळांची नावं नकोत, मुलांची तर नकोतच.

सुरुवात मी करते. माझ्याकडे प्रश्नपेटी असते, म्हणजे चपलांचं खोकं, वर चीर पाडलेली. नियम एकच: चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची, कोरी चालेल. नाहीतर जो उठून टाकायला जातो त्याचीच दिवसभर खेचतात. मुलींच्या पेटीत पाळीच्या अनियमितपणाचे प्रश्न जास्त, आणि हल्ली '72 घंटे वाली गोली बार-बार लेने से क्या होता है?' हाही असतो. ती संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची, अडीनडीची गोळी आहे, नेहमीचा उपाय म्हणून घ्यायची नाही, तिने पुढची पाळी मागेपुढे होऊ शकते आणि एचआयव्हीपासून ती वाचवत नाही, एवढं सरळ सांगते. 'हे विचारायची तुला काय गरज' हा चेहरा करायचा नाही. तो चेहरा त्यांना घरी मिळतोच.

मुलांची पेटी मिळवायलाच भांडावं लागतं. मिळाली की निम्म्या चिठ्ठ्या एकाच गोष्टीच्या, वीर्याच्या. 'मैडम, खून की चालीस बूंद से एक बूंद बनती है, सच है क्या?' रेल्वे लाइनीच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांच्या जाहिराती हेच त्यांचं पाठ्यपुस्तक. मी फळ्यावर आकृती काढते: वृषणात शुक्राणू सतत तयार होत असतात, रक्ताशी त्या चाळीस थेंबांचा काही हिशेब नाही, झोपेत वीर्य गेलं तर तो आजार नाही. हसणं-खिदळणं पहिली काही मिनिटं. मग शेवटच्या बाकावरचेही वहीत उतरवून घेतात, आणि ही मुलं एरवी वही काढत नाहीत.

मानसोपचार विभागात नोकरी केलेला एक डॉक्टर

ताई, ते चाळीस थेंब आमच्याकडेही यायचे. अकरावी-बारावीचा मुलगा, बरोबर चिंतातुर वडील. तक्रार: अशक्तपणा, अभ्यासात लक्ष नाही, वजन घटतंय. वडिलांना बाहेर बसवलं की खरं निघतं, 'सर, धात जाती है.' धात म्हणजे वीर्य. यावर आपल्याच देशात काम झालंय. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी 1960 मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. बहुतेकांच्या बाबतीत आजार शरीरात नसतो, भीती मात्र खरी असते, आणि त्या भीतीपायी आईने साठवलेले पैसे चूर्णांत गेलेले असतात. शाळेत कुणी तासभर नीट बोललं असतं तर यातली बरीच मुलं माझ्यापर्यंत आलीच नसती. माझी प्रॅक्टिस बुडाली असती तरी चाललं असतं.

निवृत्त विज्ञान शिक्षिका, लोकमान्य नगर

आम्हाला या विषयाचं प्रशिक्षण मिळालं, फ्लिपचार्ट आले, आणि 2007 साली मध्य प्रदेशासकट कितीतरी राज्यांनी तो किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला. महाराष्ट्र आणि गुजरातही त्यात होते, तेव्हा 'तिकडे पुढारलेलं आहे' असं कुणी समजू नये. चित्रांवर आक्षेप होता. आमच्या शाळेतले चार्ट प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद झाले. पुढे कपाट उघडलं तेव्हा वाळवीने जननसंस्था तेवढी सोडून बाकी सगळं खाल्लं होतं. खोटं वाटेल, पण शिपायाने आधी हात जोडले आणि मग चार्ट उचलला.

नंतर मी माझा मार्ग काढला. दहावीच्या विज्ञानात 'जीव जनन कैसे करते हैं' हा धडा आहेच. पुष्कळ शिक्षक 'घर से पढ़ लेना' म्हणून पान उलटतात. मी प्राचार्यांना सांगायची, 'सर, बोर्डात येतं.' बोर्डाचं नाव घेतलं की मध्य प्रदेशात कुणाची संस्कृती धोक्यात येत नाही! मुलगे-मुली एकाच वर्गात, अमीबाच्या द्विखंडनापासून सुरुवात, परागकण, मग माणूस. तोपर्यंत वर्ग शांत झालेला असतो. निरोधसुद्धा गर्भनिरोधनाच्या साधनांत 'दोन गुणांचा प्रश्न' म्हणून शिकवला.

गणिताचा शिक्षक, शासकीय हायस्कूल

2020 मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला, त्यात प्रत्येक शाळेत दोन शिक्षक नेमायचे, एक पुरुष आणि एक स्त्री. पुरुषांत सगळ्यांनी हात वर केले आणि मी त्या दिवशी रजेवर होतो, म्हणून माझं नाव लागलं.

निळ्या गोळीचं सांगतो. लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी आठवड्यातून एकदा मुलगे-मुली दोघांनाही द्यायची. मुलगे म्हणतात, 'ये लड़कियों वाली है.' मुलांच्या आया म्हणतात, 'यात नसबंदीचं औषध आहे म्हणे.' राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 ते 19 वयाच्या मुलींत रक्तक्षय 59 टक्के निघाला आणि मुलांत 31 टक्के. गणित माझाच विषय असल्याने दहा-दहाच्या दोन रांगा उभ्या केल्या, मुलींतल्या सहा आणि मुलांतल्या तीन जणांना खाली बसवलं आणि मुलांना विचारलं, 'हे तिघे कोण?' त्यानंतर कुरकुर कमी झाली. गोळी जेवणानंतरच द्यायची, उपाशीपोटी मळमळतं. शौच काळी होते हे आदल्या दिवशीच सांगायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फाटकावर पालक हजर.

एक आई, सुदामा नगर

2024 साली सरकारने शाळेतल्या मुलींच्या खात्यात सॅनिटरी पॅडसाठी 300 रुपये टाकले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीलाही मिळाले. मेसेज बापाच्या मोबाईलवर आला. त्याने विचारलं, 'ये काहे के?' आणि त्या घरात या विषयावरचं पहिलं वाक्य बोललं गेलं. पैशाचं पुढे काय झालं ते विचारू नका.

शाळांतून समुपदेशन करणारी

ताईंच्या खोक्याबद्दल एक भर घालते, आणि ती महत्त्वाची आहे. चिठ्ठी कधीकधी प्रश्न नसते. 'घर में कोई छूता है तो किसको बोलें', अशी असते. म्हणून मी तास सुरू करतानाच सांगते: तुमचं बोलणं मी वर्गात, स्टाफरूममध्ये नेणार नाही, पण कुणी त्रास देत असेल तर ते मी स्वतःपुरतं ठेवू शकत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 2012 चा, त्याचं कलम 19 सांगतं की कळलं की पोलिसांना कळवायचंच. दडवलं तर कळणाराच गुन्हेगार, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. 'पक्की गुप्तता' म्हणून मुलाला बोलतं करायचं आणि मग पोलिसांत जायचं, हा मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात. तास संपताना 1098, मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर, फळ्यावर लिहिते आणि पुसत नाही. पुढच्या तासाच्या सरांनाही ते दिसू दे.

अडचण दुसरीकडे येते. सोळा-सतरा वर्षांची दोघं स्वखुशीने एकत्र असतील तरी कायद्याला 18 खालची संमती चालत नाही. वर्गात हे सांगताना मुली माझ्याकडे बघतात की ही आपल्या बाजूची की पोलीस ठाण्याच्या. मी कायदा काय आहे तो सांगते, पण प्रेमाला पाप म्हणत नाही. एवढाच रस्ता मला सापडलाय, आणि तो अरुंद आहे.

एका शाळेत प्राचार्य म्हणाले होते, 'मॅडम, तो पॉक्सोचा भाग वगळा, पालक घाबरतात.' वगळला नाही. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

ग्राउंडवरचा एक

मी त्या बॅट-बॉलवाल्यांपैकी. हॉलच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवायचे, आम्ही बाहेरून बातम्या वाचायचो. पाळी म्हणजे काय ते पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर कळलं, तेही अर्धवट. आता मुलगा आठवीत, खाजगी इंग्रजी शाळेत. तिथे यातलं काही होत नाही. विचारलं तर 'काउन्सेलर आहे' म्हणतात. काय करावं?

(मी, धागा काढणारी)

दादा, काउन्सेलर आहे तर 'मुलांचा तास कधी आहे' एवढंच विचारा, आणि ते ईमेलवर विचारा, फाटकावर नाही. शिवाय एकटे जाऊ नका, त्याच वर्गातले आणखी दोन बाप बरोबर घ्या. आया गेल्या तर 'मुलींसाठी ठेवतो' असं उत्तर येतं. तास ठरला तर आधी पालकांची बैठक मागा, चित्रं आणि विषयांची यादी तिथेच दाखवायला लावा, नंतरची ओरड वाचते. आणि मुलगा आठवीत आहे ना, मग भिंती वाचायचं वय झालंय त्याचं. शाळेची वाट बघू नका, चाळीस थेंबांचं आजच सांगून टाका.