अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘युडायमोनिया’साठी मराठी शब्द हवा आहे

आमच्या वाचनगटासाठी मी अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या 10 भागांपैकी पहिल्या दोन भागांचा मराठी अनुवाद करीत आहे. मला ग्रीक येत नसल्याने इंग्रजी अनुवादांवर विसंबून आहे. अडचण ‘युडायमोनिया’ या मध्यवर्ती शब्दाची आहे; माणसाचे सर्वोच्च ध्येय असलेले उत्तम, भरभराटीचे जीवन असा त्याचा ढोबळ अर्थ.

‘सुख’ हा शब्द वापरून पाहिला. पण अ‍ॅरिस्टॉटलच्या मते लहान मुलाला युडायमोनिया लाभलेला म्हणता येत नाही आणि दीर्घकाळ भरभराटीत राहून उतारवयात ट्रॉयचा राजा प्रायम याच्यावर जशी आपत्ती कोसळली, तशी कोसळलेल्या माणसालाही तसे कोणी म्हणत नाही. मराठीत मात्र मूल सहज सुखी असते. ‘आनंद’ ही मनाची अवस्था झाली, तर अ‍ॅरिस्टॉटलला सद्गुणानुसार घडणारी, आयुष्यभराची कृती अभिप्रेत आहे. ‘कल्याण’ बहुधा दुसरा कोणी करतो. कठोपनिषदातील ‘श्रेय’ (केवळ प्रिय वाटणारे नव्हे, तर खरोखर हिताचे ते) मला अर्थाने सर्वांत जवळचे वाटते, परंतु आजचा वाचक त्याचा अर्थ ‘केलेल्या कामाचे क्रेडिट’ असाच घेईल, ही भीती खरी आहे. गीतेच्या 18व्या अध्यायात अभ्यासाने रमवणाऱ्या सुखाचा उल्लेख आहे. तो अ‍ॅरिस्टॉटलच्या सवयीतून घडणाऱ्या शीलाच्या कल्पनेशी फार सुंदर जुळतो, म्हणूनच ‘सुख’ पूर्णपणे सोडवत नाही.

मूळ ग्रीक शब्द तसाच ठेवणे गटाला मान्य नाही आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द वापरला तर युक्तिवादाचा धागा तुटतो. अशा स्थितीत सर्वत्र चालेल असा एकच शब्द कोणता, की प्रारंभी व्याख्या देऊन ‘सुख’च वापरणे अधिक योग्य ठरेल?