मदत हवी आहे: 'परेरा' आडनाव, लाल ढाल आणि आमच्या विहिरीजवळचा दगड

केळीवाला

नमस्कार मंडळी,

इथे इतिहासातली जाणकार मंडळी आहेत म्हणून हा धागा काढतोय. आम्ही वसईचे, कुपारी या ख्रिस्ती समाजातले, घरात कादोडी ही आमची बोली बोलतो. आडनाव परेरा.

चुलतभाऊ मे महिन्यात लिस्बन फिरून आला आणि येताना सगळ्या घरांसाठी एकेक फ्रेम घेऊन आला. लाल ढाल, तिच्यात चांदीच्या रंगाचा क्रूस, टोकं फुलासारखी उमललेली, आणि क्रूस आतून पोकळ. मागे कागद चिकटवलाय: हे नुनो आल्वारिश परेराचं घराणं. १३८५ मध्ये अल्जुबारोटाच्या लढाईत कॅस्टिलच्या (आजच्या स्पेनमधलं राज्य) फौजेला पाणी पाजणारा पोर्तुगीज सेनापती, २००९ मध्ये संत म्हणून घोषित झालेला. झालं! आता नव्या बंगल्याच्या गेटवर हेच चिन्ह लोखंडात करून लावायचं घाटतंय. वेल्डरने अठरा हजार सांगितलेत.

मला पटत नाही, पण एक गोष्ट डोक्यात घोळतेय. आमच्या विहिरीजवळ धुणं धुवायचा दगड आहे, त्याच्या एका बाजूला ढाल कोरलेली आहे. आजी त्याच्यावरच कपडे आपटायची. दगड किल्ल्यातून आला असं ती सांगायची. ढालीच्या आत काहीतरी बारीक आहे, पण झिजल्यामुळे कळत नाही.

प्रश्न असे: फ्रेमवरचं चिन्ह आमचं असू शकतं का? दगडावरचं कुणाचं? आणि परेरा होण्याआधी आम्ही कोण होतो, हे शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?

शिलालेख_वेडा

दगडाचं आधी बघू. पीठ, खडू, तेल काहीही लावू नका, घासू तर अजिबात नका. अंधार पडला की टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने तिरका धरा. सावल्या पडल्या की कोरीवकाम उठून दिसतं. मग सांगा: ढालीच्या आत पाच छोट्या ढाली क्रुसासारख्या मांडल्यात का? त्यांच्यात ठिपके? कडेने बुरूज?

टवाळखोर

अठरा हजारांत डीएनए चाचणी करून घ्या की. निदान दूरचे भाऊबंद सापडतील, आहेरही वाढेल.

गोंयकार

फ्रेमबद्दल मी बोलतो, कारण आमच्या घरीही असली एक आहे.

युरोपात सहसा कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं. राजा एखाद्याला देतो, मग ते त्याच्या वारसांकडे जातं. लंडनला १४८४ पासून चालत आलेली कुलचिन्हांची संस्था आहे, तीही हेच सांगते: आडनावाचं असं चिन्ह नसतं. आडनाव टाइप केलं की ढाल छापून देणारी दुकानं हे कशाला सांगतील?

उदाहरण सोझा घ्या. पोर्तुगालमध्ये या आडनावाच्या दोन मोठ्या शाखा, आणि दोघींची चिन्हं वेगळी. एकीत चंद्रकोरी, दुसरीत जांभळा सिंह. आता मडगावच्या सोझाने कुठली लावायची? चिन्ह राजा काढूनही घेऊ शकायचा. लिस्बनजवळच्या सिंत्राच्या राजवाड्यात एका दालनाच्या छतावर ७२ सरदार घराण्यांची चिन्हं रंगवलेली आहेत. त्यांतलं ताव्होरा घराणं १७५९ मध्ये राजाच्या खुनाच्या कटाच्या आरोपावरून संपवलं, आणि छतावरचं त्यांचं चिन्हही पुसून टाकलं.

तुमच्या फ्रेममधला पोकळ क्रूस परेरांचाच आहे, चित्र चुकीचं नाही. पण तो तिकडच्या परेरांचा. आपल्याकडे हे आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी आलं. धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी पालक म्हणून उभा राहणारा) कोण, त्याचं आडनाव. कधी फादरचं, कधी एखाद्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचं. गोव्यात तर सख्ख्या भावांना वेगवेगळी आडनावं मिळाल्याची उदाहरणं आहेत. काही गोवेकर घराण्यांना राजाने खरोखर चिन्हं दिली, नाही असं नाही, पण त्यांच्याकडे तशी सनद असते. तुमच्याकडे सनद आहे का, फ्रेम नव्हे?

(जाता जाता: 'परेरा' म्हणजे नाशपातीचं झाड, पण ढालीत नाशपाती नाही. कोएल्हो म्हणजे ससा, त्यांच्या ढालीच्या कडेने मात्र ससे आहेत. ते चिन्ह मला आवडतं.)

केळीवाला

टॉर्च मारून पाहिला. अंगावर काटा आला! पाच छोट्या ढाली, क्रुसासारख्या. मधल्या ढालीत ठिपके मोजता आले, पाच. वरच्या कडेला दोन बुरूज स्पष्ट, तिसऱ्याचा नुसता पाया. खालचा भाग धुण्याने साफ गेलाय.

शिलालेख_वेडा

अभिनंदन आणि सॉरी. ते पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह आहे. कुठल्या घराण्याचं नाही, सरकारी. दरवाजे, चर्च, तोफा, सगळीकडे हेच. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. एवढ्या काळात असे किती दगड बसवले गेले असतील! त्यातला एक तुमच्या विहिरीवर आला इतकंच. आजीचं खरं होतं.

एखाद्या माणसाचं चिन्ह पाहायचं असेल तर थडग्यांकडे बघा. जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जमीनच थडग्यांच्या दगडांची आहे, त्यांवर कुलचिन्हं आहेत आणि नावंही. नावाशिवाय नुसत्या ढालीवरून नातं जोडायला जाऊ नका.

मोडीप्रेमी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

धर्मग्रामातल्या (तुमच्या चर्चच्या हद्दीतल्या) फादरना भेटून स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, नोंदवह्या पाहता येतील का ते विचारा. एक एक पिढी मागे जा, आणि आईबापांइतकंच धर्मपित्याचं नाव उतरवून घ्या. आडनावाचा धागा तिथे असतो. नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असल्या तरी घाबरू नका, साचा तोच तोच असतो. दुसरीकडे जमिनीचे जुने फेरफार काढा.

पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला दोन गोष्टी विचारा. गावात तुमच्या घराला काय म्हणतात? आणि कुठल्या घरात तुम्ही मुलगी देत नाही?

केळीवाला

आज आत्याकडे जाऊन आलो. वय ८७, ऐकू कमी येतं, बाकी सगळं शाबूत.

आमच्या घराला गावात 'वैद्याचं' म्हणतात हे मला माहीत होतं. कुणी वैद्य होऊन गेला असेल म्हणून कधी विचारलं नाही. आत्या म्हणाली, मागच्या आळीतल्या लोपीसांच्या जुन्या घरालाही 'वैद्याचं'च म्हणायचे, ते घर पाडल्यावर नाव गेलं. मी मुलगी देण्याचं विचारलं तर माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. 'लोपीसांत कशी देणार? ते आपल्यातलेच ना.' का आपल्यातले, ते तिलाही सांगता येईना. तिच्या वडिलांच्या वेळीही नव्हते देत.

म्हणजे आमची आडनावं दोन आणि भावकी एक?

गोंयकार

मी सख्ख्या भावांचं म्हटलं होतं ते हेच. खात्री नोंदवहीतच होईल, पण आता लोपीसांच्या नोंदीही तुमच्याबरोबरच काढा. 'वैद्य' आडनाव होतं की धंदा, ते लगेच ठरवू नका.

केळीवाला

रविवारी मिस्सानंतर फादरना विचारतो. लोपीसांचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यालाही नेतो. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. गेटचं काम थांबवलंय, चुलतभाऊ दोन दिवस बोलत नाही.

आणखी एक मदत. आत्याने पत्र्याच्या पेटीतून घडी घातलेला एक कागद दिलाय, मोडीत आहे. घड्यांवर फाटत चाललाय, म्हणून पूर्ण उघडलेला नाही. वसई-विरारकडे मोडी वाचणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी कागद घेऊन येतो. फोटो काढण्यासाठी तो कसा उघडावा, तेही सांगा.