दुकानात लेखक-वाचक भेट ठेवायची आहे, कशी करू?

राजारामपुरीचा पुस्तकवाला: नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माझं पुस्तकांचं छोटं दुकान आहे, रॅक सरकवले तर पंचवीस खुर्च्या बसतात. आपल्या जिल्ह्यातले तीन लेखक बोलवायचेत, एक गडहिंग्लजचे, एक पन्हाळ्याकडचे आणि एक कवयित्री इथल्याच. पण मी पाहिलेले बहुतेक कार्यक्रम म्हणजे दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांचं भाषण आणि वाचकाला शेवटी पाच मिनिटं, तीपण वेळ उरली तर. मला तसं नकोय. काय करू?

रंकाळ्यावरची वाचक: स्टेज नकोच, लेखकाला वाचकांच्यातच बसवा आणि पयलं दहा मिनिटं त्यांना स्वतःचं वाचू द्या. आपल्याकडची बोली कागदावर वाचणं येगळं आणि ज्यानं लिहिली त्याच्या तोंडनं ऐकणं येगळं, ओळीतला हेल तेव्हाच कळतो. किरण गुरव २०२१ ला, कृष्णात खोत २०२३ ला, दोघांनाही साहित्य अकादमी मिळाली, दोघंही आपल्या जिल्ह्यातले, आणि माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांना हे माहितच नव्हतं, मला फार वाईट वाटलं होतं. आणि हो, लाजणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या ठेवा. माझ्यासारख्यांना उभं राहून प्रश्न विचारवत नाही.

गावाकडचा कथाकार: लेखकाच्या बाजूनं सांगतो. मी एकदा एका दुकानात वीस प्रती ठेवल्या, आठ महिने झाले तरी किती खपल्या कोण सांगंना, शेवटी मीच जाऊन उरलेल्या उचलून आणल्या, त्यातल्या दोन उन्हानं पिवळ्या पडलेल्या. तेव्हा प्रती किती घेतल्या, कमिशन किती, उरलेल्या कधी परत, हे त्याच दिवशी वहीत लिहून दोघांनी सही करा. फुकट वाटू नका. विकत घेतलेलं पुस्तक माणूस वाचतो, भेट आलेलं कपाटात जातं, हा माझा अनुभव. शाल-नारळाचे पैसे वाचतील त्यात लेखकाचं एसटीचं भाडं द्या. आणि कार्यक्रम रात्री नको हं, गडहिंग्लजच्या माणसाला सीबीएस स्टँडवरनं परत गाडी गाठायची असती, घड्याळाकडं बघत बोलणारा माणूस मनमोकळं बोलत नाही.

पेठेतला मास्तर: वरच्या दोघांचं पटलं. जाहिरात नुसती व्हॉट्सअॅपवर टाकू नका, करवीर नगर वाचन मंदिरात विचारून नोटीस लावा, १८५० पासूनचं वाचनालय आहे, तिथं रोज येणारी माणसं खरी वाचणारी. आणि तिघांना एकाच दिवशी कशाला? एका रविवारी सकाळी एकच लेखक, दीड तास. पंधरा दिवस आधी त्यांचं पुस्तक दुकानात मांडा म्हणजे चार जण तरी वाचून येतील, त्या चौघांच्या प्रश्नांनी बैठक रंगती.

राजारामपुरीचा पुस्तकवाला: मास्तर, एकेक लेखकाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तसंच करतो. रविवारी सकाळी साडेदहा, पयले गडहिंग्लजचे. प्रतींची नोंदवही आजच घातली, त्यांना फोन करून भाड्याचंही सांगून टाकतो. चिठ्ठ्यांसाठी काउंटरवर डबा ठेवलाय, रंकाळावाल्या ताई, पयली चिठ्ठी तुमची.