संगणक सुरू होताना शेल स्क्रिप्टचे संदेश पडद्यावर कसे दाखवावेत?

प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचनालयातील संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. तो सुरू होताना मी लिहिलेली एक शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) सिस्टिमडीच्या, म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्या सेवा उभ्या करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेवेतून चालते, पुस्तकांच्या नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवते आणि त्यानंतरच लॉगिनचा पडदा येतो. या कामाला ३-४ मिनिटे लागतात व तेवढा वेळ पडद्यावर केवळ बोधचिन्ह दिसत राहते. गेल्या आठवड्यात सकाळच्या कर्मचाऱ्यांनी संगणक अडकला असे समजून पॉवरचे बटण दाबून धरले आणि अर्धवट लिहिलेली प्रत वाया गेली. त्यांना दोष देता येणार नाही, कारण आत काम सुरू आहे हे कळण्याची काहीच सोय मी ठेवली नव्हती. स्क्रिप्टमध्ये ठिकठिकाणी 'इको' ही मजकूर छापणारी आज्ञा आहे, पण त्यातले एक अक्षरही पडद्यावर उमटत नाही. संदेश मराठीत, शक्यतो देवनागरीत दाखवता येईल का?

उत्तर १

'इको'चा मजकूर हरवलेला नाही, तो जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या नोंदवहीत जातो. 'जर्नलसीटीएल -बी -यू' आणि पुढे सेवेचे नाव दिल्यास आपल्याला तो सगळा वाचता येईल. सिस्टिमडीच्या आधी सेवा सुरू करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या इनिट स्क्रिप्टांचा मजकूर थेट कन्सोलवर, म्हणजे मजकुराच्या साध्या पडद्यावर येत असे. उबुंटूने २०१५ मध्ये, १५.०४ या आवृत्तीपासून सिस्टिमडी स्वीकारले आणि सिस्टिमडीत सेवेचा आउटपुट, वेगळे काही सांगितले नसेल तर, जर्नलकडेच वळतो. सेवेच्या फाइलमध्ये 'स्टँडर्डआउटपुट=जर्नल+कन्सोल' असे लिहिल्यास तो दोन्हीकडे जाईल.

मात्र एवढ्याने आपली अडचण सुटणार नाही. बोधचिन्ह दाखवणारा प्लायमाउथ हा प्रोग्रॅम कन्सोलला झाकून बसलेला असतो, म्हणून संदेश त्याच्याच हाती द्यावा लागतो:

प्लायमाउथ डिस्प्ले-मेसेज --टेक्स्ट="प्रत घेणे सुरू आहे, कृपया संगणक बंद करू नका"

काम संपल्यावर तोच मजकूर देऊन 'हाइड-मेसेज' चालवावे. सेवेच्या फाइलमध्ये सेवेचा प्रकार 'वनशॉट' (काम संपेपर्यंत पुढच्यांना थांबवणारा) आहे आणि 'बिफोर'च्या, म्हणजे कोणाच्या आधी चालायचे ते सांगणाऱ्या ओळीत डिस्प्ले-मॅनेजर (लॉगिनचा पडदा आणणारा) व प्लायमाउथ-क्विट (प्लायमाउथ बंद करणारी सेवा) ही दोन्ही नावे आहेत, याचीही खात्री करावी. प्रकार 'सिंपल' राहिला, तर स्क्रिप्ट सुरू होताच सिस्टिमडी ती सेवा उभी राहिली असे मानते आणि लॉगिनचा पडदा थांबत नाही.

उत्तर २

देवनागरीबद्दल थोडे सांगतो. लिनक्सच्या साध्या मजकूर-कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय त्यात नाही, त्यामुळे तिथे मराठी नीट उमटण्याची आशा धरू नये. प्लायमाउथच्या पडद्यावर ती उमटू शकते, परंतु तो मूळ डिस्क जोडली जाण्याआधी, इनिटरॅमएफएसमधूनच (सुरुवातीला मेमरीत उतरवलेल्या छोट्या फाइलसंचातून) सुरू होतो, आणि देवनागरी फॉन्ट तिथे नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. प्रत्यक्ष यंत्रावर पाहूनच ठरवावे. स्क्रिप्टमध्ये आधी 'प्लायमाउथ --पिंग' चालवून तो जागा आहे का हे तपासावे; नसेल तर संदेश कन्सोलवर लिहावा.

उत्तर ३

संदेश हवाच, पण वीज गेली तर संदेश वाचून काय उपयोग? प्रत आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, 'सिंक' करावे (म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर पक्का लिहून घ्यावा) आणि मगच त्याच डिस्कवर 'एमव्ही' या नाव बदलणाऱ्या आज्ञेने तिला खरे नाव द्यावे. मध्येच बंद पडले तरी कालची प्रत शाबूत राहील.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. देवनागरीच्या जागी चौकोनच आले, म्हणून सध्या रोमन लिपीत मराठी वाक्य ठेवले आहे. प्रत्येक फोल्डर संपला की '७ पैकी ३' असा आकडा बदलत जातो. तात्पुरत्या नावाची पद्धतही लागू केली आणि मुद्दाम मध्येच वीज बंद करून पाहिली. जुनी प्रत जशीच्या तशी उघडली.