तुरुंगातून परतलेल्या धाकट्या भावाला सावरताना घरच्यांनी काय करावे?

थोरली बहीण, डिचोली

नमस्कार. माझा चोवीस वर्षांचा धाकटा भाऊ गेल्या महिन्यात घरी परतला. नोकरीसाठी तो दुसऱ्या राज्यात राहत होता. तेथील एका मारामारीत एक माणूस गंभीर जखमी झाला आणि इतरांबरोबर त्यालाही अटक झाली. जामीन मिळाला नाही, खटला रेंगाळला आणि दोन वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी म्हणून काढल्यानंतर न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. घरी आलेल्या मुलाशी कसे वागावे हे आम्हाला उमगत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

तो रात्री दिवा मालवू देत नाही. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजला की ताडकन उठतो आणि मोजणीसाठी उभे राहावे तसा अंथरुणाच्या टोकाशी उभा राहतो. ताटाभोवती हात आडवा धरून दोन-चार मिनिटांत जेवण संपवतो. अंगणात जायचे असले तरी आईला विचारतो, “जाऊ का?” ते ऐकून आई आत जाऊन रडते. मित्रांचे फोन तो घेत नाही. आतल्या दिवसांबद्दल एकदाच बोलला. पहिल्या वर्षी बराकीतल्या काही जणांनी त्याला वारंवार मारहाण केली, एवढेच सांगून गप्प झाला.

बाबांचे म्हणणे असे की झाले ते विसरावे आणि कामाला लागावे. आईला देवळात जाऊन कौल लावायचा आहे. मला वाटते की त्याने एकदा मन मोकळे केले तर ओझे उतरेल. त्यातच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली आहे. मूळ घरी वीस-पंचवीस माणसे जमतील, घुमट वाजेल, फटाके उडतील आणि प्रत्येक काका-काकी चौकशी करतील. त्याला न्यावे की नेऊ नये? आणि उपचारांची सुरुवात कोठून करावी?

समुपदेशक, फोंडा

ताई, तुम्ही जे वर्णन केले आहे ते एकेक करून पाहिले तर त्यातले बरेचसे तुरुंगात जगण्यासाठी अंगवळणी पडलेले शहाणपण आहे. जेथे ताट हिसकावले जाऊ शकते तेथे ताटावर हात धरावाच लागतो, जेथे परवानगीशिवाय पाऊल टाकले तर शिक्षा होते तेथे विचारूनच उठावे लागते, आणि जेथे झोपेत मार बसतो तेथे शरीर गाढ झोपणे सोडून देते. तुरुंगाच्या रीतीभाती माणसात कशा मुरतात याचा अभ्यास अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लेमर यांनी १९४० मध्येच मांडला होता. त्या सवयी घरी निरुपयोगी झाल्या तरी सुटकेच्या कागदावर सही होताच गळून पडत नाहीत. नव्या जागेत धोका नाही हे शरीराला पुन्हा पुन्हा अनुभवावे लागते, त्याला वेळ लागतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत त्या हळूहळू ओसरतात.

त्यापलीकडे मारहाणीचा भाग आहे आणि तो वेगळा समजून घ्यावा लागेल. दचकणे, दुःस्वप्ने, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे आणि सतत सावध राहणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली व त्यांनी रोजचे जगणे अडवले, तर आघातोत्तर तणाव विकार आहे का याची तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी. एकदाच घडलेल्या घटनेपेक्षा, सुटका नसलेल्या जागी दीर्घकाळ सोसलेल्या छळाचे परिणाम अधिक खोल जाऊ शकतात. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र निदान आहे. मी तुमच्या भावाला पाहिलेले नाही, त्यामुळे त्याला यातले काय आहे हे मी सांगणार नाही.

तुमच्या एका अपेक्षेबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. एकाच बैठकीत सगळे वदवून घेतल्याने आघात हलका होतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. आठवणींवर केंद्रित उपचार परिणामकारक असतात, पण ते प्रशिक्षित व्यक्तीने, रुग्णाच्या संमतीने आणि टप्प्याटप्प्याने करायचे असतात. घरच्यांनी विचारू नये, तो आपणहून बोलला तर ऐकावे, तपशील खोदू नयेत आणि “त्यांना तू उलट का मारले नाहीस?” हा प्रश्न तर कधीही विचारू नये. तुरुंगात तरुण मुलांवर लैंगिक अत्याचारही होतात आणि मुलगे ते बहुधा कोणालाच सांगत नाहीत. असे काही घडलेच असेल असे गृहीत धरू नका, पण त्याच्या मौनाला जागा द्या.

उपचारांसाठी बांबोळीची आयपीएचबी ही मानसोपचाराची शासकीय संस्था आहे. घरातून निघण्याची त्याची तयारी नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा देशभर आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. आधी तुम्ही स्वतः फोन करून मार्गदर्शन घेतले तरी चालेल. गावात कळेल अशी भीती असेल तर त्याला आवर्जून सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे.

कौलाला माझा विरोध नाही. आईला त्यातून धीर मिळत असेल तर जरूर जावे. फक्त त्याला गाभाऱ्यासमोर उभे करून चारचौघांत त्याची कहाणी सांगितली जाऊ नये, आणि कौल कोणताही आला तरी बांबोळीची फेरी त्यावर अवलंबून ठेवू नये.

वाचक, सत्तरी

ताई, मी स्वतः शिक्षा भोगून काही वर्षांपूर्वी वाळपईजवळच्या माझ्या गावी परतलो. तुमचा भाऊ निर्दोष सुटला आहे आणि माझी गोष्ट तशी नव्हती, परंतु त्याच्या रात्री कशा जात असतील हे मला कळते.

घरच्यांनी केलेल्या दोन गोष्टींनी मला सर्वाधिक आधार दिला. माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवली आणि दार लावायचे की उघडे ठेवायचे हे माझ्यावर सोडले. आत असताना दार नेहमी दुसराच कोणीतरी लावतो. आपल्या हाताने कडी लावणे आणि काढणे याचा अर्थ बाहेरच्या माणसाला सांगूनही समजणार नाही. तुमचा भाऊ दारू घेत असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर मात्र या कडीबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. दुसरे असे की वडील मला रोज सकाळी कुळागरात नेत. पोफळींना पाणी सोडायचे, पडलेली झापे ओढायची, आणि दोघांनी फारसे बोलायचे नाही. समोरासमोर बसून मला कोणाशी बोलता येत नसे. शेजारी शेजारी काम करताना मात्र शब्द आपोआप बाहेर पडत. तुमच्या बाबांचे “कामाला लाग” हे म्हणणे त्या अर्थाने अगदी चुकीचे नाही, फक्त ते काम बाबांच्या सोबतीचे असावे आणि नको वाटेल त्या दिवशी त्याला नाही म्हणता यावे.

तो परवानगी मागतो तेव्हा “विचारतोस काय, हे तुझेच घर आहे” असे आईने म्हणू नये. प्रेमानेच म्हटलेले असते, पण ऐकणाऱ्याला आपले काहीतरी चुकले असे वाटते. “हो, जा, मी इथेच आहे” एवढे पुरे. तसेच “काय खाणार, कुठे जाणार, पुढे काय करणार” असे मोकळे प्रश्न सुरुवातीला फार थकवतात. वर्षानुवर्षे एकही निर्णय घेतलेला नसतो. पेज की चपाती, असे दोनच पर्याय ठेवावेत. माझ्या मते सगळ्याचे मूळ येथेच आहे: त्याच्यासाठी काहीही परस्पर ठरवू नका, आणि सगळेच एकदम त्याच्यावर टाकूही नका.

चवथीचेही तेच. न्यावे की नेऊ नये हा प्रश्न त्यालाच विचारावा, पण मधल्या वाटा सांगून. पहिल्या वर्षी मी आरतीला थांबलोच नाही. आदल्या दिवशी चुलत्याबरोबर रानात जाऊन माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीचे, सामान आणले, कांगलां, तोरिंगण, सुपारीचे घड सगळे बांधून दिले आणि गर्दी व्हायच्या आत घरी परतलो. माटोळी मी बांधली हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणाच्या प्रश्नांना तोंडही द्यावे लागले नाही. नातेवाइकांना तुम्ही आधीच फोन करून सांगा की खटल्याबद्दल कोणीही विचारू नये. हे काम त्याच्यावर सोपवू नका.

वकील, म्हापसा

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, कारण पुन्हा पकडून नेतील ही भीती अशा मुलांची झोप उडवणाऱ्या कारणांपैकी एक असते.

निकालाची प्रमाणित प्रत घेऊन ठेवा आणि तिची एक प्रत त्याच्या हाती द्या. निर्दोष मुक्तता झाली तरी सरकार पक्षाला अपिलाचा मार्ग असतो, आणि त्यासाठीच वरिष्ठ न्यायालयाची नोटीस आल्यास हजर राहण्याचा सहा महिन्यांचा जामीनबंध आरोपीकडून घेतला जातो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७अ मध्ये आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८१ मध्ये ही तरतूद आहे. अशी नोटीस आली तर ती अटक नव्हे, हे त्याला आधीच समजावून सांगा; अचानक दारात पोलीस दिसला की दोन वर्षांचे सगळे पुन्हा उसळून येते.

नोकरीच्या अर्जात अटक किंवा खटल्याबद्दल थेट प्रश्न असेल तर खरी माहिती द्यावी. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लपवलेली माहिती आणि तिचे परिणाम यांचा सविस्तर विचार केला आहे. मुक्तता झालेल्या उमेदवाराला माहिती दडवणे अनेकदा मूळ खटल्यापेक्षा महागात पडते. आपल्याकडची पुष्कळ मुले जहाजावर किंवा आखातात जातात, म्हणून पारपत्राचेही सांगते: प्रलंबित फौजदारी खटला हे पारपत्र नाकारण्याचे एक कारण असते, आणि तुमच्या भावाचा खटला आता निकाली निघाला आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

थोरली बहीण, डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. कडीबद्दल वाचले आणि उठून त्याच्या खोलीचे दार पाहिले; त्याला केवळ बाहेरून कडी आहे. तरी आम्ही डॉक्टरांना विचारूनच ती बदलू.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. गेल्या आठवड्यापासून तो रात्री दारू घेऊ लागला आहे. थोडी घेतली तर झोप तरी लागते, असे बाबा म्हणतात. एका मित्राने झोपेच्या गोळ्याही आणून दिल्या आहेत. परवा तो म्हणाला, “आतच संपलो असतो तर बरे झाले असते.” मी काहीच बोलू शकले नाही. याबद्दल त्याला विचारले तर नको तो विचार मनात बळावेल का?

समुपदेशक, फोंडा

ताई, विचारा, आणि आजच विचारा. “तुला जीव द्यावासा वाटतो का?” असे शांतपणे, सरळ शब्दांत विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट एकट्याने वाहिलेली गोष्ट उच्चारण्याची मुभा मिळते. उत्तर “हो” आले, किंवा कसे आणि केव्हा हे त्याने ठरवले आहे असे जाणवले, तर त्याला एकटे सोडू नका. गोळ्या, कीटकनाशके आणि दोरखंड त्याच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा आणि त्याच दिवशी बांबोळीला न्या. तातडीच्या प्रसंगी १०८ ला फोन करा.

दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. सुटकेनंतरचा काळ यासाठी विशेष धोक्याचा असतो, कारण आत असताना शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते आणि बाहेर आल्यावर माणूस जुन्याच प्रमाणात घेऊ लागतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतील मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या तुलनेत १२.७ पट आढळला, आणि अमली पदार्थांचा अतिरेक हे त्याचे मुख्य कारण होते. तेथील पदार्थ आणि आपल्याकडची दारू यांत फरक आहे, पण शरीराचा हा नियम दोहोंना लागू पडतो.

दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती मोडते. गोळ्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सुचवले की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन गटातील (झोप आणणाऱ्या व चिंता शमवणाऱ्या) गोळ्या देऊ नयेत. पुढेही त्या मूळ त्रास बरा करत नाहीत आणि त्यांची सवय लागते. मात्र तो रोज घेत असेल तर त्या गोळ्या किंवा दारू तुम्ही परस्पर एकदम बंद करू नका. किती आणि केव्हापासून घेतो ते डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली कमी करा.

बाबांना एक गोष्ट सांगता येईल. दारूच्या आहारी जाऊ लागलेल्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार भेटींचे साधे समुपदेशन आपल्याच गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ या संस्थेने तपासून पाहिले होते. ते देणारे लोक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. दारू सुटण्यासाठी मुलाला दूर कुठे तरी पाठवावेच लागते असे नाही.

थोरली बहीण, डिचोली

विचारले. असे वाटते, पण काही ठरवलेले नाही, असे तो म्हणाला आणि बराच वेळ रडला. गोळ्या त्याने स्वतःहून माझ्याकडे दिल्या. उद्या सकाळी आम्ही दोघे बांबोळीला जात आहोत. बाबांनी गाडी चालवण्याची तयारी दाखवली आहे. बरोबर काय न्यावे?

समुपदेशक, फोंडा

गोळ्यांची पाकिटे, त्याचे आधारकार्ड आणि तुरुंगातील रुग्णालयाची काही कागदपत्रे मिळाली असतील तर ती. डोक्याला मार लागला होता का हे त्याला आधी विचारून ठेवा आणि डॉक्टरांना न विसरता सांगा, कारण चिडचिड, विसराळूपणा व झोपमोड यांचे कारण तेही असू शकते. त्याने डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे म्हटले तर तुम्ही आणि बाबांनी बाहेर थांबावे. तेथे बराच वेळ थांबावे लागण्याची शक्यता आहे; भिंतीला पाठ लावून बसता येईल अशी जागा त्याला निवडू द्या.