मराठी लेखांची स्वतःची वेबसाइट पहिल्यांदाच करायची आहे: ब्लॉगर की वर्डप्रेस?

रानमेवा

रानभाज्या आणि सह्याद्रीतल्या फुलांवरचे मराठी लेख एका जागी, स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वेब-पत्त्यावर, ठेवायचे आहेत. बरेचसे लेख पूर्वी दिवाळी अंकांत आणि एका साप्ताहिकात आले होते. काहींच्या फाइली श्रीलिपी या जुन्या टंकन-प्रणालीत आहेत, काहींची नुसती कात्रणे उरली आहेत. प्रत्येक लेखात वनस्पतीचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत येते आणि सोबत तीन-चार फोटो असतात. प्रोग्रामिंग येत नाही. वर्षाला दीड-दोन हजार खर्च चालेल, पण पानावर जाहिराती नकोत.

ब्लॉगर घ्यावे की वर्डप्रेस? जुने लेख युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येतील अशा रूपात, कसे आणायचे? आणि सुरुवातीला चुकले तर पुढे निस्तरणे अवघड जाते अशा गोष्टी कोणत्या?

उंबरठा

तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तिथूनच सुरू करतो. रंग, थीम, मेनू हे कधीही बदलता येते. डोमेन आणि प्रत्येक लेखाचा पत्ता मात्र एकदा लोकांच्या हाती गेला की बदलू नये, कारण व्हॉट्सॲपवर फिरलेला दुवा परत बोलावता येत नाही.

या बजेटमध्ये आणि प्रोग्रामिंगशिवाय ब्लॉगर घ्या. जागेचे पैसे नाहीत, स्वतःचे डोमेन फुकट जोडता येते आणि तुम्ही स्वतः लावल्याशिवाय जाहिराती येत नाहीत. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत १ जीबी जागा मिळते, पण स्वतःचे डोमेन जोडता येत नाही आणि जाहिराती त्यांच्या असतात. स्वतःच्या होस्टिंगवरचे, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवरचे, वर्डप्रेस उत्तम आहे. पण तिथे प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी), थीम आणि मूळ वर्डप्रेस वेळच्या वेळी अद्ययावत ठेवावे लागते. महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहिलेल्या साइटवर जुन्या प्लगइनमधून शिरकाव होतो आणि तिथून भलतीकडची पाने उघडू लागतात. ज्याला फक्त लिहायचे आहे त्याने हे काम अंगावर घेऊ नये.

डोमेन घेताना पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर बघू नका, नूतनीकरणाचा दर बघा. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. डोमेन स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. साइट करून देणाऱ्याच्या नावावर कधीही नको. डॉट भारतमध्ये देवनागरी डोमेन मिळते, पण बऱ्याच ठिकाणी दुवा चिकटवला की त्याचे एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे रोमन रूप दिसते आणि वाचक बिचकतो. मुख्य पत्ता रोमन ठेवा.

आता लेखाचा पत्ता. ब्लॉगर तो शीर्षकातल्या रोमन अक्षरांवरून बनवते. शीर्षक निव्वळ देवनागरीत असेल तर 'ब्लॉग-पोस्ट डॉट एचटीएमएल' असा पत्ता पडतो, पुढच्या लेखांना त्यालाच आकडे जोडून. तेव्हा प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (लेखाच्या कायमच्या पत्त्यात) 'कस्टम' निवडून स्वतः नाव भरा. लेख एकदा प्रकाशित झाला की तो खाना बंद होतो. वर्डप्रेसमध्ये अडचण वेगळी आहे: तिथे देवनागरी पत्ता चालतो, पण पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात. मर्यादा २०० ची, म्हणजे काना-मात्रा धरून बावीस चिन्हांनंतर शीर्षक मध्येच तुटते.

पत्त्यात शास्त्रीय नाव घालण्याचा मोह होईल, तो टाळा. ती नावे बदलतात. टाकळा आधी कॅसिया टोरा होता, आता सेन्ना टोरा आहे. मराठी नावच रोमन अक्षरांत लिहा. शास्त्रीय नावे, जुनी आणि नवी दोन्ही, लेखात पहिल्या परिच्छेदात द्या. तिथेच इतर भागांतली नावेही द्या. विदर्भातला माणूस 'तरोटा' शोधेल, त्याला तुमचा 'टाकळा' सापडायला हवा.

टंकशाळा

श्रीलिपीबद्दल. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. त्यामुळे तो मजकूर जसाच्या तसा वेबवर चिकटवला तर वाचकाला निरर्थक चिन्हे दिसतात आणि शोधयंत्रालाही त्यातून काही उमगत नाही. रूपांतरक वापरण्याआधी फाइलमधल्या फॉन्टचे पूर्ण नाव, आकड्यासह, बघून घ्या. श्रीलिपीच्या सगळ्या फॉन्टची मांडणी एकसारखी नाही. चुकीची मांडणी निवडली तर मजकूर वरवर मराठी दिसतो, पण जोडाक्षरे गेलेली असतात.

तुमच्या बाबतीत खरा घोटाळा शास्त्रीय नावांचा होईल. रूपांतरकाला सगळेच रोमन दिसते, म्हणून तो खरी रोमन नावेसुद्धा देवनागरीत फिरवतो. उपाय असा: फाइलची प्रत काढा, वर्डच्या 'शोधा'मध्ये फॉन्टनुसार शोध लावून रोमन नावे निवडा आणि प्रत्येक नावाच्या जागी ९००१, ९००२ असा आकडा टाका. कोणत्या आकड्याला कोणते नाव, याची वेगळी यादी ठेवा. आकडे बहुतेक रूपांतरांत शाबूत राहतात. आधी एका परिच्छेदावर करून बघा, मग सगळी फाइल. रूपांतरानंतर आकड्यांच्या जागी नावे परत घाला.

त्यानंतर डोळ्याखालून घालायच्या जागा ठरलेल्या आहेत: रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या मधोमध अडकते, 'क्ष', 'ज्ञ', 'त्त', 'द्ध' फुटतात. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ ने, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यानंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही सारखेच दिसतात, पण पानावर शोधताना एक लिहिले तर दुसरे सापडेलच असे नाही. 'ॲ'चेही तसेच. सगळ्या लेखांत एकच पद्धत ठेवा, मी टिंबवाला ऱ आणि सलग ॲ सुचवेन.

कात्रणे ३०० डीपीआयवर स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गूगल डॉक्सने उघडा' म्हणा. देवनागरी छपाई चांगली ओळखली जाते. मात्र दोन-तीन स्तंभांचे पान असेल तर ओळी एकमेकींत मिसळतात. प्रत्येक स्तंभ कापून वेगळी प्रतिमा करा.

ब्लॉगरमध्ये मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्ही करून चिकटवा. साधे चिकटवले तर वर्डची सगळी सजावट आत येते आणि प्रत्येक परिच्छेद वेगळ्या आकाराचा दिसतो. ओळींमधले अंतर १.७ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. अक्षरांमधले अंतर शून्यच हवे. पुष्कळ थीम शीर्षकांना ते वाढवून देतात आणि देवनागरीची शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते. मजकुराला दोन्ही बाजूंनी समास जुळवू नका. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्दांत खिंडारे पडतात. फॉन्टमध्ये 'मुक्ता' स्वच्छ आहे. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर 'टिरो देवनागरी मराठी' बघा. जाडीचे दोनच प्रकार घ्या, देवनागरी फॉन्टच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात.

कलम१७

छापून आलेल्या लेखांविषयी. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या लेखकाचा हक्क सहसा त्याच्याचकडे राहतो. साप्ताहिकाच्या पगारी नोकरीत असताना लिहिलेल्या लेखांचे मात्र वेगळे आहे. हक्क लेखी दिले असतील पण मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. जुनी पत्रे काढून बघा. छापील पानाचा फोटो मात्र टाकू नका. त्यातली चित्रे आणि मांडणी दुसऱ्या कुणाची असते. फक्त मजकूर घ्या आणि खाली अंकाचे नाव व वर्ष द्या.

कातळफूल

फोटोंबाबत एक गोष्ट कुणी सांगितली नाही आणि तुमच्या विषयात ती फार गंभीर आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतीचा फोटो तसाच चढवला तर उपटून नेणाऱ्याला थेट ठिकाण मिळते. चढवण्याआधी विंडोजमध्ये फाइलवर उजवे क्लिक, गुणधर्म, तपशील, आणि तळाशी 'वैयक्तिक माहिती काढा'. लेखातही अशा फुलांचे ठिकाण तालुक्यापेक्षा नेमके देऊ नका.

आकार: मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल आणि जेपेग दर्जा ८० ठेवला की बहुतेक फोटो ३०० केबीच्या आत येतात आणि पाकळीवरची लव तरीही दिसते. फाइलचे नाव रोमनमध्ये, मोकळी जागा न सोडता. पर्यायी मजकुराच्या खान्यात 'टाकळ्याची कोवळी पाने, पावसाळ्याची सुरुवात' असे मराठी वर्णन लिहा. अंध वाचकांचा स्क्रीन रीडर तेच वाचतो.

रानमेवा

सर्वांचे आभार, शास्त्रीय नावांच्या जागी आकडे टाकण्याची युक्ती लगेच वापरतो आहे. डोमेन घेतले आणि ब्लॉगरला जोडले. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून साइट उघडते, न लावता विक्रेत्याचे 'लवकरच येत आहे' हे पान दिसते. शिवाय ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणतो. काय राहिले?

उंबरठा

दोन वेगळी कारणे आहेत. विक्रेत्याच्या डीएनएस पानावर (डोमेन कुठे न्यायचे हे तिथे ठरते) ॲट चिन्हाच्या नावाची 'ए' नोंद आधीपासून असेल, ती त्यांच्या जाहिरात-पानाकडे नेते. ती काढा आणि त्याच नावाने चार 'ए' नोंदी घाला: २१६.२३९.३२.२१ आणि मग तिसऱ्या जागी ३४, ३६, ३८ घेऊन उरलेल्या तीन. आकडे अर्थात इंग्रजी टंका. मग ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये कस्टम डोमेनखालचे पुनर्निर्देशन सुरू करा. डोमेन जोडताना घातलेल्या सीनेमच्या दोन नोंदींना हात लावू नका. दुसरी नोंद निरुपयोगी वाटते, पण डोमेन तुमचे असल्याचा पुरावा तीच आहे.

'सुरक्षित नाही'साठी सेटिंगमध्ये एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) उपलब्धता सुरू करा. प्रमाणपत्र तयार व्हायला काही तास, कधी दिवसही लागतो. तोवर पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. ते झाले की खालचे एचटीटीपीएस पुनर्निर्देशनही सुरू करा. डीएनएस क्लाउडफ्लेअर या सेवेवर असेल तर या नोंदींपुढचा ढग करडा ठेवा. नारिंगी असला तर प्रमाणपत्र अडकू शकते.

हे चालू झाले की गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये डोमेनची नोंद करा आणि साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या. शिवाय दर महिन्याला सेटिंगमधून बॅकअप उतरवा. त्या एक्सएमएल फाइलीत लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे दुवे येतात. मूळ फोटो लेखाच्या नावाच्या फोल्डरमध्ये स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. उद्या वर्डप्रेसवर गेलात तर तिथे पर्मालिंकची रचना वर्ष, महिना, लेखाचे नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल अशी ठेवता येते. आयात झाल्यावर प्रत्येक लेखाचे रोमन नाव तपासून घेतले की जुने दुवे तसेच उघडतात.